काचेपलीकडचा हात

४ फेब्रुवारी

अगं ऐकलंस का,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तुझा आवाज मला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो आणि मग मी नुसतं "हो, हो" म्हणतो, हे तुला माहीत आहे. मागच्या वेळी तू बहुतेक काहीतरी विचारलंस, मी "हो, हो" म्हणालो आणि तू फोन ठेवलास. काय विचारलं होतंस ते कळव. चुकून भलत्याच गोष्टीला हो म्हणालो असेन तर परत घेतो.

कामाचं सांगतो. अर्ज दिला.

जाताना जिन्यात बॅग खाली ठेवून तू म्हणालीस, "तुम्हाला काहीच झालेलं नाही ना? मग हे सगळं मलाच झालंय का? एकदा त्यांच्याकडून लिहून आणा. कोणाला काय झालंय ते मला कागदावर बघायचंय." दिव्याखाली, माझ्या तोंडासमोर बोललीस म्हणून शब्द न् शब्द कळला. त्यावर मी म्हणालो, "सावकाश उतर, पायऱ्या ओल्या आहेत." आता वाटतं, दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. काय ते अजून सुचलेलं नाही.

माजी सैनिकांच्या संघटनेची कचेरी पोस्टाच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे अर्ज लिहून देणारी एक बाई बसते. तिचे वडील सैन्यात होते, म्हणून हे काम ती फुकट करते. चष्मा डोक्यावर चढवते आणि मग टेबलभर शोधत बसते. अपंगत्वाचा दावा कसा असतो ते तिनं समजावलं. तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. आज काय होतंय, तेव्हा नोकरीत काय घडलं होतं, आणि या दोन्हींना जोडणारा धागा. धागा डॉक्टरनं बांधायचा. त्यानं नुसतं "शक्य आहे" लिहिलं तर चालत नाही. "असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे" असं लिहावं लागतं. मी तिला हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आलं नाही म्हणून नव्हे, माणसं खरंच असं लिहितात का म्हणून.

अडचण मधल्या गोष्टीची आहे. सैन्यातून सुटताना शेवटची तपासणी होते, त्यात "काही तक्रार?" या प्रश्नापुढे आमच्या तोफेवरच्या सगळ्या गड्यांनी "नाही" लिहिलंय. तक्रार लिहिणाऱ्याला पुढच्या तपासण्यांसाठी थांबवून घेत, आणि ट्रक त्याच संध्याकाळी निघणार होता. एकाचा गुडघा सुजून उशीएवढा झाला होता. त्यानंही "नाही" लिहिलं आणि आम्ही त्याला दोन्ही काखांत धरून ट्रकमध्ये चढवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बाई म्हणाली, "ही मूठ आता कशी उघडायची ते बघू."

घर ठीक आहे. किटली नवी घेतली. दाराला कडीही नवी बसवली, जुनी सैल झाली होती. आमचा हत्ती गेला, डोक्यावरची धपधप थांबली म्हणून खालचा शिंपी खूश असेल असं मला वाटलं होतं, पण परवा जिन्यात त्यानं तुझीच चौकशी केली.

तुझ्या बहिणीला नमस्कार. साडूला सांगितला नाहीस तरी चालेल.

मी


१२ मार्च

अगं ऐकलंस का,

पास झालो.

तपासणीला बोलावलं होतं. आदल्या दिवशी शर्टला इस्त्री केली, बुटांना चेहरा दिसेल असं पॉलिश केलं. सकाळी दाढी केली आणि गालावरून हात फिरवून पुन्हा केली. तू असतीस तर म्हणाली असतीस, निघाला नवरामुलगा. वेळेच्या आधीच पोचलो. बाहेर बाकावर आणखी चार-पाच जण होते, सगळ्यांचे बूट चकाचक, सगळ्यांच्या पाठी ताठ. एकाला तर ताठ बसताना घाम फुटला होता.

डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा होता. तरी आत जाताच टाच टाचेला लागली आणि तोंडातून "साहेब" निघालं.

"कसं वाटतंय?"

"एकदम ठीक, साहेब."

"झोप लागते?"

"ठीक, साहेब."

"पाठ?"

"चालतंय, साहेब."

मग तो टाईप करता करता म्हणाला, "उदास वाटतं का?" मी म्हणालो, नाही. राग येतो? नाही. भीती वाटते? नाही. तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मग नेमकं काय होतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "काही होत नाही, साहेब."

त्यानं तेच लिहून घेतलं. मी खरं तेच सांगितलं होतं. तुझी आई गेली तेव्हा मी सगळ्यांना चहा करून दिला, आठवतं? तू पाहत होतीस माझ्याकडे. कप कमी पडले म्हणून मी खाली शिंप्याकडून आणले. मला तेव्हाही काही होत नव्हतं.

नंतर कानाची तपासणी. एका कपाटाएवढ्या खोलीत बसवतात, कानांवर जाड डबे लावतात आणि हातात बटण देतात. टूं वाजलं की दाबायचं. समोर काच आणि काचेपलीकडे मशीनवर एक मुलगी. सुरू केलं आणि मी दाबत गेलो. एकही चुकलं नाही. बाहेर आल्यावर तिनं कागद बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाली, "काका, तुमचे कान तर माझ्यापेक्षा चांगले आहेत."

बरं वाटलं. शाळेतसुद्धा मला कधी पैकीच्या पैकी मिळाले नव्हते.

बसमध्ये मात्र एक गोष्ट मनात आली. माझे कान चांगले असतील तर मग तुझ्या जिन्यातल्या प्रश्नाचं काय? माझा थांबा मागे गेला. बहुधा कंडक्टर ओरडला असेल.

ओट्यामागची भिंत रंगवून घेतली आहे. पांढरी.

मी


२८ एप्रिल

अगं ऐकलंस का,

दावा नामंजूर. "श्रवणशक्ती वयानुरूप सामान्य. मानसिक तक्रार आढळली नाही. सेवाकाळातील नोंदींत कोणताही उल्लेख नाही." खाली सही. म्हणजे मला काहीही झालेलं नाही असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय. तू मागितला होतास तो कागद आला, पण उलटा. मी तो फ्रीजवर ठेवलाय, पालथा.

अर्जवाली बाई भडकली. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. "काका, तुम्ही तपासणीला गेला होतात की भरतीला?" शेजारच्या टेबलावरचा माणूस फिस्सकन हसला. तिनं मला उभं राहायला सांगितलं, बुटांकडे बोट दाखवलं, म्हणाली, "हे बूट बघून तुम्हाला कोण आजारी म्हणेल? तुम्ही लोक सगळे असेच. माझे बाबाही असेच. हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होते, डॉक्टर राऊंडला आले की केसांवरून हात फिरवायचे." मग तिनं चष्मा शोधला. डोक्यावरच होता.

अपील करता येतं. ती म्हणाली, "तिथे चांगला दिवस सांगायचा नाही. सगळ्यात वाईट दिवस सांगायचा. चला, मला सांगून बघा."

मी तिला शेजारच्या तोफेचं सांगितलं. तुला तेवढं माहीत आहे, की एकदा शेजारच्या तोफेची नळी आतच फुटली आणि चार जण गेले. जे तुला सांगितलेलं नाही ते असं, की त्यानंतर आम्हाला आमची तोफ चालू ठेवायला सांगितलं आणि आम्ही ठेवली. डाव्या कानातून काहीतरी कोमट येत होतं ते मी बाहीला पुसत होतो. संध्याकाळी जेवण आलं. त्या चौघांचं जेवणही आलं होतं, कारण डबे सकाळीच मोजलेले. मला भूक लागली होती. मी माझं खाल्लं आणि त्यातल्या एकाचंही खाल्लं. चव चांगली होती. तेव्हापासून मी वाट बघतोय की आता काहीतरी होईल, रडू येईल, निदान उलटी होईल. ते आलंच नाही. पुढे तुझ्याशी लग्न झालं, त्या दिवशीही मी वाट बघत होतो.

बाईनं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "हे तेव्हाचं झालं. आता आत्ताचा वाईट दिवस सांगा. घरातला."

मी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायला घेतल्या. ती म्हणाली, "तुम्ही नाही सांगणार. घरातलं माणूस सांगेल. तुमच्यासोबत राहणाऱ्यानं जे पाहिलं ते लिहून दिलं तर त्याला वजन असतं."

मी सांगितलं, सध्या ती बहिणीकडे असते. बाईनं पुढे विचारलं नाही. सोबत तो कागद ठेवतोय. लिहिलंस तर थेट तिच्या पत्त्यावर पाठव, मला दाखवायची गरज नाही. नाही लिहिलंस तरी चालेल. कोणाच्या पायात काटा मोडावा आणि कोणी काढावा.

मी


१९ मे

अगं ऐकलंस का,

बुटक्याला भेटून आलो. आमच्या तोफेवर गोळे उचलून द्यायचा तो. लग्नात आपल्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं बघ, उलटं चालणारं. आता टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. सेवेत काय घडलं ते सांगणारा साक्षीदार हवा होता, म्हणून गेलो. दोन बसा बदलून जावं लागतं.

दुकानात हवेचा पंप सुरू. मी ओरडून विचारतोय, तो ओरडून सांगतोय, दोघांचे हात हवेत. एका गिऱ्हाईकाला वाटलं आम्ही भांडतोय, तो मध्ये पडायला आला. बुटक्यानं त्याला बाजूला सारलं. "भांडत नाही हो, खुशाली विचारतोय!"

पंप बंद केल्यावर तो म्हणाला, "कागद दे, सही करतो. काय लिहायचं ते तू लिही. पण लेका, तुझा दावा गेला कसा? तू तर माझ्यापेक्षा बहिरा."

मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की कानात पास झालो. पैकीच्या पैकी.

तो हसायला लागला. हसता हसता टायरवर बसला. म्हणाला, "काचेपलीकडे बाई होती ना? तिचा हात दिसत होता?"

मी म्हणालो, होता की.

"मी पण पास झालो होतो," तो म्हणाला.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तोफेवर हुकूम कोणी ऐकत नाही. पहिल्या गोळ्यानंतर कानात नुसती शिट्टी असते. तोफेचा म्होरक्या हात वर करतो. तो हात बघायचा. खाली आला की दोरी ओढायची. मी दोरी ओढणारा होतो. वर्षानुवर्षं मी फक्त एका माणसाचा हात बघितलाय. त्या काचेपलीकडच्या मुलीचा खांदा जरा हलला की माझा अंगठा आपोआप बटणावर जात होता. मी टूं ऐकलंच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, ऐकलं नाही हे मला समजलंही नव्हतं. मी लबाडी केली असती तर निदान माहीत तरी असतं.

बुटक्या म्हणाला, "मी दुसऱ्यांदा गेलो नाही. लाज वाटली. तू जा."

परत येताना बसमध्ये मी लोकांच्या तोंडांकडे बघत होतो. तोंड दिसलं की कळतं. पाठ फिरली की संपलं. आणि तू कायम ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून. मी खिडकीशी, तुझ्याकडे पाठ करून. भिंतींना कान असतात म्हणतात ना, आपल्या घरात ते फक्त भिंतींनाच होते.

आता आत्ताचा वाईट दिवस. बाईला सांगितला नाही, तुला सांगतो. तू गेल्यानंतर मी चहाला किटली ठेवली आणि खिडकीशी जाऊन बसलो. ती शिट्टीची किटली होती, तूच आणलेली, मी विसरतो म्हणून. माझ्या कानात तशीच शिट्टी कायम असते. पाणी आटलं, बूड जळलं, वरचं फडकं पेटलं, भिंत काळी झाली. शिंपी आणि त्याची बायको दार बडवत होते. शेवटी त्यानं खांदा मारून कडी तोडली. आत आला तेव्हा मी खुर्चीतच होतो, रस्त्यावरची माणसं बघत. धुराचा वास मला आला होता. शेजारी कोणीतरी काही जाळतंय असं वाटलं. शिंप्याची बायको मला दोन्ही हातांनी गदागदा हलवून काहीतरी म्हणत होती आणि रडत होती. मी तिला म्हणालो, "बसा, चहा करतो."

म्हणून किटली नवी, कडी नवी, भिंत पांढरी.

मी


७ जुलै

अगं ऐकलंस का,

अपिलात पुन्हा तपासणीला बोलावलं. या वेळी बूट पुसले नाहीत. सोपं नव्हतं ते. दारातून दोनदा मागे फिरलो आणि ब्रश पुन्हा कपाटात ठेवला.

काचेपलीकडे तीच मुलगी. मी तिला आधीच सांगितलं, "मागच्या वेळी मी तुमचा हात बघून बटण दाबलं." आधी ती हसली. मग तिचा चेहरा उतरला. "मग तेव्हाच का नाही सांगितलं काका?" मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. माहीत नसणं कसं शक्य आहे, असा तिचा चेहरा झाला. मग तिनं आत येऊन माझी खुर्ची फिरवली. तोंड भिंतीकडे.

भिंतीला छोटी छोटी भोकं असलेला पुठ्ठा आहे. मी भोकं बघत बसलो. कानात आपली नेहमीची शिट्टी. दोनदा काहीतरी खोलवर वाजल्यासारखं वाटलं, दाबलं. बाकी काही नाही. सुरू करायला हिला किती वेळ लागतोय, असं मनात आलं. मशीन बिघडलं असेल. पोरी फोनवर बोलत बसतात. मी वाट बघत राहिलो. मग पायाखालची फळी हलली तेव्हा ती आत आलीय हे कळलं. मी म्हणालो, "करा सुरू."

ती माझ्यासमोर येऊन वाकली. तोंड नीट हलवून म्हणाली, "काका, झालं."

मी बाहेर बाकावर बसून राहिलो. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं असेल, कारण तो उठला. पाणी प्यायलो. मला वाटलं आता काहीतरी होईल. झालं नाही. फक्त मला तुझी पाठ दिसत होती, ओट्याशी. खांदे हलायचे तुझे. मला वाटायचं तू कणीक मळते आहेस. तू बोलत होतीस.

तिथून पोस्टावरच्या कचेरीत गेलो. बाईनं एक कागद माझ्यासमोर सरकवला. "मिसेसचं आलंय. अर्जदाराला वाचायचा हक्क आहे. नको असेल तर वाचू नका." आणि कधी नव्हे ते ती चहा आणायला स्वतः खाली गेली.

तुझं अक्षर मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं. वाणसामानाच्या याद्या सोडल्या तर. तू लिहिलंयस:

"ते घरी परत आले त्या वर्षी मी एकदा मागून जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मारलं नाही, ओरडले नाहीत. नंतर म्हणाले, काही नाही. तेव्हापासून मी घरात पाय आपटत चालते. आमच्याकडे लाकडी जमीन आहे, मी येतेय हे त्यांना पायातून कळतं. ते मला हत्ती म्हणतात. मी हसते. माझ्या टाचा दुखतात."

आणि मी तुला मऊ तळव्याच्या सपाता आणून दिल्या होत्या. खालच्या शिंप्याची तक्रार आहे म्हणून. तू त्या कधी घातल्या नाहीस तेव्हा मी म्हणालो होतो, पैसे पाण्यात गेले. त्या अजून कपाटात आहेत, कागदात गुंडाळलेल्या.

त्याखाली तू लिहिलंयस:

"त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. मी जानेवारीत फोनवर विचारलं, मी परत आले नाही तर चालेल का? ते हो, हो म्हणाले. त्यांना ऐकू आलं नव्हतं हे मला माहीत आहे. तरी मी फोन ठेवला, कारण परत विचारायची ताकद नव्हती."

याबद्दल मी आत्ता लिहीत नाही. तीन वेळा लिहायला घेतलं. टाचांना गरम पाण्याचा शेक दे.

मी


३० सप्टेंबर

अगं ऐकलंस का,

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, ते त्यांनी अगदी मनावर घेतलं. पण आला कागद. कान आणि कानातली शिट्टी मान्य. दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे काही न होण्याबद्दल, त्यांना अजून माहिती हवी आहे. महिन्याभरानं एका डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. अर्जवाली बाई म्हणाली, या वेळी दाढीसुद्धा करू नका. तेवढं मला जमणार नाही.

बुटक्यानंही अर्ज केला. मी त्याला आधीच सांगून ठेवलंय, खुर्ची फिरवून घे.

कागदावर लिहिलंय: "अर्जदाराची हानी सेवेमुळे झाली आहे." सही आहे, शिक्का आहे. जिन्यात तू विचारलं होतंस ना, कोणाला झालंय? मला. तुला काही झालेलं नव्हतं. तू बोलत होतीस, नीट बोलत होतीस, आणि मला ऐकू येत नव्हतं. कागद सोबत पाठवतोय. मूळ प्रत तुझ्याकडेच राहू दे, मी झेरॉक्स ठेवून घेतली.

कानाचं यंत्रही मिळालं. डाव्या कानाला उपयोग नाही, उजव्याला आहे. काल नळ गळतोय हे कळलं. खाली शिंप्याचं मशीन चालतं तेही कळलं. इतकी वर्षं माझ्या पायाखाली एक माणूस दिवसभर शिवत होता. मी त्याला सांगायला गेलो तर त्याच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. यंत्र घालून जेवायला बसलो तर स्वतःच्या चावण्याचा आवाज इतका मोठा आला की घास तसाच राहिला. आणि मग, चमच्याची नुसती किणकिण झाली त्यावर, मला रडू आलं. का ते माहीत नाही. फार नाही, थोडंच. डॉक्टरीणबाईंना सांगावं की नको ते ठरवलेलं नाही. तुला सांगितलं.

आता फोनवरच्या त्या प्रश्नाचं. तेव्हा "हो, हो" म्हणालो ते परत घेतो. नाही. तू परत आली नाहीस तर मला चालणार नाही.

पण तू कंटाळली असशील, टाचा अजून दुखत असतील, बहिणीकडे बरं वाटत असेल, तर मी तुला बोलावतोय असं समजू नकोस. फक्त एकदा ये आणि ओट्याशी उभी राहून जे जे बोललीस ते मला सांग. सगळं नाही आठवणार, आठवेल तेवढं.

खिडकीशी असलेली खुर्ची मी हलवली आहे. ती आता दाराकडे तोंड करून आहे. येशील तेव्हा पाय आपटू नकोस. कपाटातल्या सपाता दाराशी ठेवल्यात, त्या घालून ये. मला दिसशील.

मी